सड्यावरच्या कलमबागेसाठी ट्रॅक्टरचा स्लॅशर: निवड आणि निगा

राजापूर तालुक्यातील एका बागायतदारांचा प्रश्न असा आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, सहा एकरांची बाग आहे, त्यात चार एकर हापूस आणि दोन एकर काजू. घरी २४ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. आजवर बेणणी, म्हणजे बागेतले गवत-झुडपे कापणे, माणसे लावून, पाठीवरच्या ग्रास कटरने होत असे. आता माणसे वेळेवर मिळत नाहीत. विक्रेता ५ फुटी रोटरी स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी रान कापणारे यंत्र, घ्या म्हणतो, शिवाय घाटावरचा एक जुना ५ फुटी स्लॅशर स्वस्तात मिळतो आहे. शिअर बोल्टचा (पाते अडले की स्वतः तुटून गिअर वाचवणारा बोल्ट) घ्यावा की स्लिप क्लचचा (तुटण्याऐवजी घसरणारा क्लच), हे ठरत नाही, आणि घेतल्यावर तो टिकवायचा कसा, हेही त्यांनी विचारले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात गेली २२ वर्षे शेतीयंत्रांची दुरुस्ती करतो आणि हंगामात स्वतःचे दोन स्लॅशर भाड्याने चालवतो. माझे उत्तर आधी सांगून टाकतो: तुमच्या ट्रॅक्टरला ४ फुटी, जाड पत्र्याचा, खाली परात असलेला आणि शिअर बोल्टचा स्लॅशर घ्या. कारणे मात्र सविस्तर देतो, कारण विक्रेत्यापुढे बसल्यावर ती तुम्हाला लागतील.

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली २४ अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओपर्यंत, म्हणजे मागचे यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्यापर्यंत, पोहोचताना तिच्यातली दहा-पंधरा टक्के, काही छोट्या ट्रॅक्टरांत त्याहूनही जास्त, वाटेत खर्च होते. म्हणजे हाती २० किंवा त्याहून थोडी कमीच उरते. कापणीच्या रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओवरची ५ अश्वशक्ती असा हिशेब मी धरतो, आणि तो ४ फुटांवर येऊन थांबतो. वाळक्या, गुडघाभर गवतात याहून कमी शक्तीत भागते, हे खरे आहे, आणि विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो तेही अशाच गवतात. तुम्हाला यंत्र लागणार आहे ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, जेव्हा गवत पुरुषभर उंच आणि बुडाशी ओले असते, आणि त्यात रानमोडी, टणटणी आणि करवंदाची पोरे गुंतलेली असतात. अशा रानात ५ फुटी स्लॅशर लावला की इंजिन धापा टाकू लागते, फेरे उतरतात, पाते कापण्याऐवजी गवत झोडपून आडवे करते, आणि तेच रान पुन्हा एकदा फिरावे लागते.

५ फुटी घेतल्याने वेळ किती वाचतो, तेही मोजून पाहा. ताशी ३ किलोमीटर वेगाने, वळणे आणि अडथळे यांत तीस टक्के वेळ जातो असे धरले, तर ४ फुटी स्लॅशर तासाला साधारण २५ गुंठे उरकतो आणि ५ फुटी ३१ गुंठे. तुमच्या सहा एकरांना, म्हणजे २४० गुंठ्यांना, एकाला साडेनऊ-पावणेदहा तास लागतील आणि दुसऱ्याला पावणेआठ. वर्षातून दोन बेणण्या केल्या तरी फरक चार तासांचा. एवढ्यासाठी ट्रॅक्टरच्या लिफ्टवर जादा वजन टांगणे आणि चढावर पुढची चाके हलकी करून घेणे मला पटत नाही. रुंदीची एकच अट सांभाळा: स्लॅशरने ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडा झाकल्या पाहिजेत, नाहीतर चाकाखाली दबलेले गवत तसेच राहते आणि चार दिवसांनी उभे होते. या शक्तीचे बागेतले ट्रॅक्टर अरुंद असतात, त्यांना ४ फूट पुरतात. तरी टेप घेऊन मोजाच.

आडव्या रोटरच्या मल्चरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विक्रेता तो विषय काढेल. मल्चर गवताचा भुगा छान करतो आणि दगडही कमी उडवतो. मात्र तितक्याच रुंदीला त्याला जास्त शक्ती लागते, त्याला पट्टे असतात, आणि रोटरवर ओळीने टांगलेले त्याचे हातोडे जांभ्याच्या डोक्यावर आपटू लागले की एका हंगामात निम्मे गळतात. माती असलेल्या, दगड वेचून काढलेल्या बागेत तो उत्तम चालतो, सड्यावर नाही.

आता यंत्राच्या अंगाकडे येऊ. घाटावर स्लॅशर निवडताना लोक गवत बघतात. आपल्याकडे गवताखालचा दगड बघून निवडावा लागतो. सड्यावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे बोटभर, आणि मधेच कातळाचे डोके वर आलेले असते, ते ऑक्टोबरच्या गवतात अजिबात दिसत नाही. जुन्या ऐन-किंजळीचे खुंटही असतातच. म्हणून स्लॅशर उलटा करून किंवा लिफ्टवर उचलून, खाली आधार देऊन, त्याचे पोट बघा. गिअर बॉक्समधून खाली येणाऱ्या दांड्याला पाती कशावर अडकवली आहेत? स्वस्त यंत्रांत नुसती एक जाड आडवी पट्टी असते आणि तिच्या दोन टोकांना पाती. ही पट्टी खुंटाला समोरून भिडली की सगळा धक्का दांडा आणि गिअर यांच्यावर जातो. चांगल्या यंत्रात पट्टीऐवजी, किंवा पट्टीखाली, जाड पत्र्याची गोल परात बसवलेली असते, तिचा फुगीर तळ जमिनीकडे असतो. दगड आला की परात त्यावरून घसरत वर चढते आणि पाती मागे दुमडतात. ही परात नसलेला स्लॅशर सड्यासाठी फुकट मिळाला तरी घेऊ नये, असे माझे मत आहे.

वरचा पत्रा ५ मिलिमीटरच्या आत नसावा. कडांना उभ्या जाड पट्ट्या असाव्यात आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर घासणारे बूट बोल्टने बसवलेले असावेत, वेल्ड केलेले नव्हेत, कारण जांभा ते दोन-तीन हंगामांत खाऊन टाकतो आणि मग बदलता आले पाहिजेत. गिअर बॉक्स ज्या चौकटीवर बसतो, तिथे खालून आडव्या पट्ट्यांचा आधार आहे का, तेही पाहा. चिरा पडायला सुरुवात नेहमी तिथूनच होते. पुढे आणि मागे लोंबत्या साखळ्यांचा पडदा असलाच पाहिजे. विक्रेता तो जादा पैशांचा म्हणून सांगतो, पण त्याशिवाय यंत्र गोठ्याबाहेर काढू नये. पीटीओच्या ५४० फेऱ्यांचे गिअर बॉक्स साधारण १००० फेरे करते, आणि ४ फुटी वर्तुळात पात्याचे टोक तेव्हा ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने फिरत असते. त्या वेगाने सुटलेला सुपारीएवढा दगड काय करतो, ते मी एका उभ्या असलेल्या जीपच्या दारावर पाहिले आहे: बाहेरून भोक, आणि आत सीटच्या फोममध्ये रुतलेला खडा.

शिअर बोल्ट की स्लिप क्लच, या प्रश्नावर माझे मत पुस्तकी शिफारशीपेक्षा वेगळे आहे. क्लच चांगला, असे कुणीही सांगेल: पाते अडले की क्लचच्या चकत्या घसरतात, धक्का गिळतात, आणि खाली उतरून बोल्ट बदलावा लागत नाही. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा चकत्या सुट्या असतात. आपल्या हवेत, त्यातही खाडीपासून दोन-चार किलोमीटरांत, स्लॅशर सहा महिने उभा राहिला की त्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि क्लच म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा होतो. मालकाला वाटते संरक्षण आहे, आणि पहिल्याच कातळावर गिअरचे दात जातात. रोज यंत्र चालवणाऱ्या भाडेवाल्याने क्लच घ्यावा. वर्षाला वीस-पंचवीस तास चालवणाऱ्या बागायतदाराने शिअर बोल्ट घ्यावा. तो गंजला तरी तुटायचा तेव्हा तुटतो.

मात्र बोल्ट कोणता घालता, यावर सगळे अवलंबून आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या फुटक्या गिअर बॉक्सांत निम्म्याहून अधिक प्रकरणे एकसारखी निघाली: मूळ बोल्ट दोनदा तुटला, चालक वैतागला, आणि त्याने दुकानातून ‘चांगला’ बोल्ट आणून घातला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे कठीण प्रतीचे आकडे कोरलेले असतील आणि पुस्तिकेत तीच प्रत सांगितलेली नसेल, तर तो शिअर बोल्टच्या जागी चालणार नाही. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलाच आकार आणि तीच प्रत घ्या, ती बहुधा मऊ असते. दहा-बारा बोल्ट एकदम आणून टूलबॉक्समध्ये ठेवा, म्हणजे मोह होत नाही. ज्या बाहीत हा बोल्ट बसतो तिला ग्रीस निपल असतो, तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बोल्ट तुटल्यावर ती बाही दांड्यावर मोकळी फिरली पाहिजे. ती सुकी असेल तर तिथेच घासून जाम होते आणि बोल्ट तुटूनही धक्का पुढे जातो.

यानंतर पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर स्लॅशरच्या गिअर बॉक्सपर्यंत नेणारा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा दांडा. नवा शाफ्ट बहुतेक वेळा छोट्या ट्रॅक्टरला लांब पडतो आणि तो कापावा लागतो, हे विक्रेता सांगत नाही. स्लॅशर जोडून लिफ्ट सावकाश वर-खाली करा आणि ट्रॅक्टर व गिअर बॉक्स यांमधले अंतर जिथे सर्वांत कमी होते तिथे थांबा. त्या स्थितीत आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकता कामा नये, इंचभर तरी मोकळीक हवी. उलट अंतर सर्वांत जास्त असताना दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबी राहिल्या पाहिजेत. कापताना दोन्ही नळ्या आणि त्यांची दोन्ही प्लॅस्टिकची आवरणे सारख्याच मापाने कापा, कडा कानशीने घासून गुळगुळीत करा आणि भुसा पुसून मगच ग्रीस लावा. लांब शाफ्ट तसाच वापरला तर पहिल्याच बांधावरून उतरताना तो ट्रॅक्टरच्या पीटीओचे बेअरिंग आत ढकलतो, आणि ते काम स्लॅशरच्या किमतीच्या मानाने फार महाग पडते. शाफ्ट पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत येतात ना, तेही पाहा. एक खाच चुकली तरी सगळे यंत्र थरथरते.

ट्रॅक्टरचा पीटीओ स्वतंत्र क्लचचा आहे की गाडीचा आणि पीटीओचा क्लच एकच, हे विक्रेत्याला विचारू नका, स्वतः तपासा. क्लच एकच असेल तर शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच, म्हणजे सायकलच्या फ्री व्हीलसारखा एका बाजूनेच जोर देणारा जोड, बसवल्याशिवाय स्लॅशर चालवू नये. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका जुन्या ट्रॅक्टरला मी स्लॅशर लावला होता. गडग्याजवळ येऊन मी क्लच पूर्ण दाबला, तरी ट्रॅक्टर थांबेना. फिरत्या परातीचे आणि पात्यांचे वजन चक्रासारखे फिरत राहून उलट पीटीओमार्गे चाकांना ढकलत होते. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा गडग्याचे वरचे चार चिरे पलीकडे पडलेले होते. पलीकडे त्या दिवशी कुणी नव्हते. तो जोड मी त्याच आठवड्यात आणला.

पात्यांबद्दल गावोगावी दोन गैरसमज आहेत. एक, पाते कोयत्यासारखे धारदार असावे. तसे केले तर पहिल्या तासातच धार दगडावर दुमडते आणि पोलाद मोडू लागते. धारेची कड दीड मिलिमीटरभर बोथट ठेवा. या वेगात ती गवतच काय, अंगठ्याएवढी रानमोडीही सहज तोडते. ग्राइंडर लावताना पाते निळे पडू देऊ नका, निळे पडले म्हणजे तिथला कठीणपणा गेला. दुसरा गैरसमज, झिजलेल्या पात्याला वेल्डिंगने तुकडा जोडता येतो. पात्याचे पोलाद तापवून कडक केलेले असते. वेल्डिंगच्या शेजारी ते काचेसारखे ठिसूळ होते आणि तो तुकडा कधी सुटेल याचा नेम नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेली पाती काही जण वापरतात. पोलाद चांगले असते, पण पाणी देण्याचे काम डोळ्यांच्या अंदाजाने होते, आणि दोन पाती एका वजनाची निघत नाहीत.

वजनाचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून आकड्यात सांगतो. दोन पात्यांत फक्त ५० ग्रॅमचा फरक असेल, तर अर्धा मीटर त्रिज्येवर आणि मिनिटाला १००० फेऱ्यांना तो फरक दांड्याला सुमारे २८ किलोच्या जोराने एका बाजूला ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला सोळा-सतरा वेळा दिशा बदलते. बेअरिंग जाते, सील गळते, पत्र्याला चीर पडते, ते यामुळे. धार लावल्यावर दोन्ही पाती किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा; जे जड असेल ते मागच्या बाजूने, धारेच्या नव्हे, घासून सारखे करा. पाते बदलायचे झाले तर दोन्ही एकदम बदला, बोल्ट आणि नटही नवे घाला. पात्याचे भोक लांबट झाले आहे का आणि बोल्टची मान मधे बारीक झाली आहे का, हे दर हंगामात खोलून पाहिल्याशिवाय कळत नाही. बोल्ट घट्ट हवा, पण पाते त्यावर मोकळे फिरले पाहिजे: इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, हाताने ढकलल्यावर ते तेल दिलेल्या बिजागरीसारखे सहज फिरावे. गंजून एका बाजूला अडकलेले पाते हे अचानक सुरू झालेल्या थरथरीचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पात्यांसाठी खाली हात घालताना लिफ्टवर भरवसा ठेवू नका. लिव्हरला कुणाचा धक्का लागला तरी यंत्र खाली येते. आणि आधाराला जांभ्याचा चिरा लावू नका. अंगणात तोच पटकन हाताशी येतो, दिसायला भक्कम असतो, पण लोखंडी कडेचा एका ठिकाणी भार आला की तो फुटतो. लाकडाचे जाड ठोकळे वापरा. बागेतच खाली बसायची वेळ आली तर आधी काठीने गवत हलवा. आपल्या सड्यांवर फुरसे असते आणि ते दगडाच्या रंगात मिसळून जाते.

गिअर बॉक्सची निगा सोपी आहे, पण करत कुणीच नाही. तेल ९० नंबरचे गिअर ऑइल. स्लॅशर सपाट जागी ठेवून बाजूचा प्लग उघडला की तेल भोकाच्या कडेला आलेले दिसले पाहिजे. त्याहून जास्त भरले तर तापल्यावर ते सीलमधून बाहेर येते आणि सील खराब झाले असे उगीच वाटते. नव्या यंत्राचे पहिले तेल ५० तासांनी बदला, मग आपल्या हवेत दर वर्षी, तास कितीही कमी झाले असले तरी. बऱ्याच यंत्रांना खाली काढायचा प्लगच नसतो, तेव्हा पिचकारीने तेल वरून ओढून काढावे लागते. काढलेले तेल वाटीत घेऊन बघा. ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी आहे. पाणी बहुधा वरच्या श्वासाच्या भोकातून किंवा नुसत्या दमट हवेतून शिरते. ते श्वासाचे भोक मातीने बुजले असेल तर आतला दाब तेलाला सीलमधून ढकलतो. तेव्हा सील बदलण्याआधी तार घालून ते भोक मोकळे करा. तेलात चमकणारी बारीक पूड ठीक आहे. नखाला लागतील असे कण दिसले तर गिअर बॉक्स उघडायला हवा.

खालचे सील जाण्याचे आपल्या किनाऱ्यावरचे एक खास कारण आहे, ते म्हणजे मासेमारीचे जुने जाळे. वईला (कुंपणाला) आणि कलमांभोवती आपण ते सर्रास बांधतो. गुरांनी ओढले की तुकडे गवतात पडतात. असा हातभर तुकडा परातीच्या वर दांड्याला गुंडाळला जातो, घर्षणाने वितळतो, आणि सीलच्या ओठाखाली दोऱ्याएवढी बारीक कड घुसवतो. एका यंत्राखालून मी चाकूने असे जाळे सोलून काढले होते. ते नारळाएवढे, काळे आणि काचेसारखे कडक झाले होते. सील तेवढ्यानेच गेले, तेल महिनाभर थेंबथेंब गळत राहिले आणि मालकाला कळले ते गिअर तापून आवाज करू लागल्यावर. म्हणून दर दिवशी काम संपल्यावर परातीच्या वर काही गुंडाळले आहे का ते बघा. ऐन हंगामात सील मिळत नसेल तर तेलाऐवजी पातळ, ‘००’ प्रतीचे ग्रीस भरून ते दिवस निभावता येतात, पण ती तात्पुरती सोय आहे.

ग्रीसिंग: शाफ्टचे दोन्ही क्रॉस दर आठ तासांनी, स्लॅशरच्या मागच्या चाकाची धुरा आणि शिअर बोल्टची बाही दर दिवशी, शाफ्टच्या नळ्या दर दोन दिवसांनी.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. तुमच्या बागेत स्लॅशर वर्षाला वीस तास चालेल आणि उरलेला सगळा काळ उभा राहील. कोकणातली यंत्रे मरतात ती त्या उभे राहण्याच्या काळात. बेणणी झाल्यावर पत्र्याच्या पोटाला गवताच्या रसाचा आणि मातीचा बोटभर जाड थर बसतो; तो ओल धरून ठेवतो आणि त्याच्याआड पत्रा कुजतो, वरून रंग चकचकीत असला तरी. काम संपल्याच्या दिवशीच, थर ओला असताना, तो खरवडून काढा. दुसऱ्या दिवशी तो सिमेंट होतो. मग गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आणि जिथे लोखंड उघडे पडले आहे तिथे रेड ऑक्साइड आणि वर रंग लावा. पात्यांच्या बोल्टांवर आणि परातीच्या कडेवर ग्रीसचा जाड हात द्या. जुने इंजिन ऑइल फासू नका. ते पावसाळी हवेत ओघळून जमिनीत जाते, आणि आपल्या सच्छिद्र जांभ्यातून विहिरीपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत नाही. यंत्र मातीवर ठेवू नका, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, ताडपत्रीत गुंडाळू नका कारण आत घाम धरतो, आणि पीटीओ शाफ्ट काढून, नळ्या वेगळ्या करून, ग्रीस लावून घरात टांगा. क्लचचाच स्लॅशर तुमच्याकडे आला तर दर हंगामाआधी त्याच्या स्प्रिंगचे नट मोजून सारख्या आट्यांनी सैल करा, चकत्यांवर आरपार खडूची एक रेघ ओढा, आणि पीटीओ दोन-तीन सेकंद लावून बंद करा. सगळे थांबल्यावर रेघ तुटलेली दिसली तर चकत्या सुटल्या. नट पुन्हा तितक्याच आट्यांनी आवळा. रेघ सरळच राहिली तर क्लच खोलावा लागेल.

चालवण्याबद्दल थोडे. ज्या वाटेने पहिल्यांदाच जाणार तिथे आदल्या दिवशी पायी फिरा आणि दिसतील त्या दगडांवर, खुंटांवर चुना टाका. पहिली फेरी ८ ते १० इंच उंचीवर, नंतर हवी तर दुसरी ४ इंचांवर. त्याहून खाली सड्यावर जाण्यात अर्थ नाही, पाते झिजते आणि माती धरणारी गवताची बुडे जातात. पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवली की शक्ती कमी लागते. पीटीओ कमी रेसवर लावा, मग फेरे ५४० च्या खुणेपर्यंत चढवा आणि तिथेच ठेवा. वेग कमी-जास्त करायचा तो गिअरने. ५४०-ई ची, म्हणजे इंजिन कमी रेसवर ठेवून पीटीओचे ५४० फेरे मिळवण्याची, सोय असली तर ती फक्त हलक्या गवतात वापरा. उतारावर आडवे जाऊ नका, सरळ चढा-उतरा, आणि जिथे मनात शंका आली तो तुकडा पाठीवरच्या कटरला सोडा. कलमाच्या बुंध्यापासून तीन-चार फूटही त्याच्यासाठीच सोडायचे आहेत, तेव्हा तो कटर विकू नका. काम चालू असताना तीनशे फुटांत माणूस, गुरे, रस्ता नको.

बेणणीची वेळही यंत्राच्या आयुष्याशी जोडलेली आहे. हापूसला १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास कल्टार (मोहोरासाठी मातीतून द्यायचे वाढरोधक) देणार असाल तर त्याआधी झाडाखाली तण नको, म्हणून जुलैत एक हलकी फेरी करा, पण जमीन पाय न रुतण्याइतकी निथळल्यावर. दुसरी, मोठी फेरी पाऊस गेल्यावर गवत हिरवे असतानाच करा. गवत पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर ते गिअर बॉक्सवर आणि सायलेन्सरजवळ साठते, पाते दगडावर घासून ठिणगी उडते, आणि वणव्याची सुरुवात आपल्याच ट्रॅक्टरमागून होऊ शकते. पाण्याचे दोन कॅन बरोबर ठेवाच. हद्दीलगत दोन पट्टे आधी कापून गवत आत ओढून घेतले की जाळरेषाही त्याच फेरीत होते.

अनुदानासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, अर्ज करणार असाल तर पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी खरेदीचे बिल करू नका.

राहिला तो घाटावरचा जुना ५ फुटी स्लॅशर. तुमच्या ट्रॅक्टरला तो मोठा आहे, हे वर आले. तरीही किमतीमुळे मन ओढत असेल तर बघायला जाताना दुरुस्तीवाला बरोबर न्या आणि चार गोष्टी तपासा. खालचा दांडा परातीला धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग गेले आहे. गिअर बॉक्सच्या बोल्टांभोवती पत्र्यावर ताजा रंग दिसला तर तो खरवडा, खाली चीर किंवा वेल्डिंग असण्याची शक्यता मोठी. तेलाचा प्लग तुमच्यासमोर उघडायला सांगा. आणि शिअर बोल्टचे डोके बघा: पुस्तिकेत मऊ बोल्ट सांगितलेला असून त्यावर ८.८ कोरलेले दिसले, तर त्या यंत्राच्या गिअरांनी आजवर काय सोसले असेल ते उघड आहे, आणि चहा घेऊन परत यावे.